दिवस बुडायच्या आत

माझं घर रनाळ्याच्या पुढे, दोंडाईचाला जाणाऱ्या रस्त्यापासून पन्नास पावलांवर आहे. मी ट्रक चालवतो. महिन्यातून चार-पाच वेळा तरी नंदुरबारवरून शहाद्याकडे जाणं होतं आणि मनात आणलं तर घरावरून जाता येतं. थोडा वळसा पडतो, एवढंच. तरी एका होळीपासून दुसऱ्या होळीपर्यंत मी गाडी त्या रस्त्याला घातली नाही. सुटी मिळाली की मी एस.टी.ने घरी यायचो, हातात पिशवी घेऊन, पाहुण्यासारखा.

बायकोच्या ते लक्षात आलं. एकदा ताट वाढता वाढता ती म्हणाली, "गाडी का बरं लयत नही घर? कोन बठेल ऱ्हास गाडीमा?"

ती चेष्टा करत होती. ट्रक ड्रायव्हरच्या बायकोला सगळं गाव जी चेष्टा ऐकवतं, तीच तिने माझ्यावर उलटवली होती. आईसुद्धा चुलीपाशी हसली. मी मात्र भाकरीकडे बघत राहिलो, कारण तिने नेमकं विचारलं होतं. गाडीत कुणीतरी बसलेलं असायचं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याकडे सालदार होते. वर्षाच्या बोलीने काम, केळीला पाणी धरायचं, रोज उठून दुसऱ्याच्या शेतात. मी बी.ए. झालो तेव्हा त्यांनी सर्टिफिकेटला काच बसवून आणली आणि देव्हाऱ्याच्या शेजारी खिळा ठोकला. सकाळी देवाला उदबत्ती ओवाळली की तीच उदबत्ती सर्टिफिकेटलाही ओवाळायचे. लोक हसायचे. मला अभिमान वाटायचा. अजून वाटतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

पण सर्टिफिकेट भिंतीवर राहिलं आणि मी फॉर्म भरत राहिलो. तलाठ्याचा भरला, पोलिसभरतीचा भरला, वनरक्षकाचा भरला. पोलिसभरतीत धावण्यात पास झालो, लेखीत थोडक्यात हुकलो. तोवर लग्न झालं, मुलगी झाली. दिवसा मी लोकांचे ट्रॅक्टर चालवायचो, ऊस वाहायचो, आणि त्या ट्रॅक्टरवरच कधीतरी मला कळलं की मला स्टिअरिंग धरायला आवडतं. जड वाहनाचं लायसन काढलं. वडील एवढंच म्हणाले, "शिकनं तर वाया जात नही ना?" मी म्हटलं, नाही जात. मला तेव्हा तसं खरंच वाटत होतं.

विसरवाडीला हायवेवर एक मालक होता. दोन ट्रक, शेजारी एक हॉटेल. त्याचा ड्रायव्हर मुंबईकडच्या लाईनवर गेल्यामुळे त्याला माणूस हवा होता. मी गेलो तेव्हा तो बाजेवर बसून कांदा फोडत होता. मी शिक्षण सांगितलं. सांगायला नको होतं.

"बी.ए.?" त्याने हॉटेलातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "बी.ए. करीसन गाडी रिव्हर्स येस का?"

सगळे हसले. त्याने किल्ली फेकली आणि हॉटेलच्या मागे दोन चिंचांच्या मधून ट्रक उलटा आत घालायला सांगितला. पहिल्या वेळी मागचा कोपरा झाडाला लागतो की काय असं झालं, म्हणून मी थांबलो. खाली उतरलो, अंतर पाहिलं, परत चढलो आणि दुसऱ्या वेळी सरळ नेली. मालक उठून आला.

"उतरीसन देखं तू," तो म्हणाला. "बाकीना उतरत नहीत, ठोकतस. लाग कामले. फक्त मन्हाकडे सर्टिफिकेट मागू नको."

अशी मला पहिली नोकरी मिळाली. उतरून बघतो म्हणून. हे वाक्य पुढे मला फार टोचलं.

घरी बायकोने एकच अट घातली. मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. "गाडी जवळून गई तर घर येजो. पानी पियाले तरी येजो. पोरले बाप देखाले भेटाले जोयजे." मी शब्द दिला. आणि पहिल्या दीड महिन्यात मला तो एकदाही पाळता आला नाही. नव्या ड्रायव्हरला मालक श्वास घेऊ देत नाही. मिरची भरून इकडे, पपई भरून तिकडे. पपईची गाडी तर थांबवताच येत नाही, कागदात गुंडाळलेली फळं मागे पिकत असतात आणि त्यांचा वास केबिनपर्यंत येऊन घाई करतो. घरी फोन लावायचो तेव्हा मुलगी मोबाईललाच पप्पा म्हणायची. बायको सांगायची की ती मोबाईलला घास भरवते, मोबाईलला फ्रॉक दाखवते. मधे एक दिवस सुटी मिळाली, मी घरी गेलो, तर ती मला बघून धान्याच्या कोठीमागे जाऊन उभी राहिली आणि बायकोला म्हणाली, पप्पाले फोन लाव.

मग होळी आली.

आमच्या जिल्ह्यातली सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊस तोडायला गुजरातेत उतरतात. पाडेच्या पाडे रिकामे होतात. पण होळीला ती परत वर जातात. कारखाना चालू असो, मुकादम ओरडो, होळीला माणूस आपल्या डोंगरात पाहिजे. त्यांना नेणारे आणणारे ट्रक ठरलेले असतात. त्या वर्षी आमच्या मालकाने ती फेरी मला दिली. बारडोलीकडच्या ऊसतोड्यांच्या एका पडावावरून, म्हणजे झोपड्यांच्या तळावरून, तीस-पस्तीस माणसं उचलायची आणि धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर सोडायची. मी खूश झालो, कारण मला त्या होळीबद्दल माहीत होतं. कॉलेजात शेवटच्या वर्षाला मी आदिवासी होळीवर वीस मार्कांचा प्रकल्प लिहिला होता. खरं सांगायचं तर आधीच्या वर्षाच्या एका पोराच्या फाईलवरून उतरवला होता, पण मार्क अठरा पडले होते.

पडावावर माणसं भांडी, कोंबड्या, कोयते, गोधड्या घेऊन मागे चढली. सातला निघायचं ते नऊ वाजले. एकजण शेवटी राहिला. माझ्याच वयाचा, खांद्यावर मुलगी. मुलगी चारेक वर्षांची असेल. डोळे पिवळसर, हातपाय काटक्या, गुडघे सुजलेले. आमच्या भागात राहणाऱ्याला हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. सिकलसेल, रक्ताचा आजार. मी म्हटलं, हिला मागे हादरे बसतील, पुढे बसा. त्याची बायको मागे बायकांत बसली आणि तो मुलीला घेऊन केबिनमध्ये आला.

ट्रकच्या केबिनमध्ये दोन सीटच्या मधे इंजिनावर झाकण असतं. आम्ही त्याला बोनटच म्हणतो. गाडी चालू लागली की ते तापतं. उन्हाळ्यात तो ताप नकोसा होतो, पण त्या मुलीने आपणहून सरकून गुडघे त्याला लावले. सोनगडपर्यंत ती पूर्ण बोनटवर चढून बसली होती, पालथी, पोट आणि गुडघे गरम पत्र्याला टेकवून, खाली माझं उपरणं घडी करून.

"आंग दुखस तिनं," बाप म्हणाला. "शेकाले बरं वाटस." ते लोक आपसात त्यांच्या बोलीत बोलत. माझ्याशी तो आमची अहिराणी बोलायचा, जरा थांबत थांबत. खालच्या माणसांत काम करून शिकलेला.

त्याच्या पायाशी एक गोणी होती. त्यात काय आहे विचारलं तर त्याने तोंड उघडून दाखवलं. कमरेला बांधायचे सुके भोपळे, घुंगरं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोरपिसं. त्याने नवस बोलला होता. मुलगी उभी राहिली, चालायला लागली तर होळीला नेम, म्हणजे व्रत, धरीन, अंगाला पांढरे ठिपके काढून नाचेन. तिला थंडीत बरं वाटलं होतं, ती चालली होती, आणि आता तो फेडायचा होता.

"दिन बुडाना पहिले पोचाडजो, भाऊ," तो म्हणाला.

आता मला हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो. त्यांच्या पाड्याची रीत अशी की नेम धरणाऱ्याने होळीच्या दिवशी ओढ्यावर आंघोळ करून सूर्य मावळायच्या आत पुजाऱ्यासमोर बसलं पाहिजे. पुजारा त्याला नेम देतो. सूर्य गेला की त्या वर्षीचा नेम गेला. मग रात्रभर ढोल वाजो, पहाटे होळी पेटो, तो माणूस फक्त बघ्या.

मी त्याला विचारलं असतं तर त्याने हे सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मी म्हणालो, "तुमची होळी तं पहाटले पेटस ना? मंग काय घाई? माले माहीत शे, मी कॉलेजमा लिखेल शे त्यावर."

"पुजारासमोर बसनं पडस," तो म्हणाला.

"बसशीत ना. बठ्ठी रात पडेल शे."

त्याने मागच्या खिडकीतून मागच्या लोकांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. मला त्यातला 'कॉलेज' हा एकच शब्द कळला. मागून कुणी काही बोललं नाही. शिकलेला माणूस सांगतो म्हटल्यावर गप्प बसायची त्यांना सवय होती, आणि त्या गप्प बसण्याचं मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आजही आठवतं.

नवापूरच्या पुढे बायकोचा फोन आला. "आज होळी शे. येस का?" एवढंच. मागून मुलीचा आवाज येत होता, ती फोन मागत होती. नंदुरबार जवळ येईपर्यंत माझं ठरलं होतं. प्रकाशा गावावरून जाणारा सरळ रस्ता सोडून मी दोंडाईचाच्या रस्त्याला लागलो. पुढे सारंगखेड्याच्या पुलावरून शहाद्याला निघता येतं, मला वळसाच पडणार होता. दुपारचा एक वाजत होता. पहाटेपर्यंत पंधरा-सोळा तास. गणित सोपं होतं.

गावच्या थांब्यावर निंबाखाली गाडी लावली आणि त्याला म्हणालो, "मांगलं टायर जरा बसेल वाटस. मिस्त्रीले बलाईसन येस."

हे खोटं होतं. टायरला काही झालेलं नव्हतं. घरी जातो म्हटलं असतं तरी कुणी नाही म्हणालं नसतं. पण नवा ड्रायव्हर, माणसं भरलेली गाडी, मालकाला कळलं तर, असं काहीतरी मनात आलं आणि खोटं तोंडातून निघालं.

घरी मुलगी पुन्हा कोठीमागे गेली. मी ओट्याच्या आत, दाराशीच बसलो. बायकोने पुरणाची पोळी दिली. मी मुलीकडे बघितलंच नाही, मुद्दाम. गायीच्या वासराला जवळ आणायचं तर तसंच करतात. थोड्या वेळाने ती आली. माझ्या बुटाची लेस ओढली. मग पाठीवर टेकली. मग समोर येऊन माझ्या मांडीत बसली आणि माझ्या शर्टाचं बटण चोखत चोखत झोपून गेली. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा ती आपणहून माझ्याकडे येऊन झोपली होती.

आई म्हणाली, "उठाड तिले, गाडीवर लोक बठेल शेतस." बायको म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना जरा." मी हललो नाही. माझा पाय बधिर झाला तरी हललो नाही. दीड तास झाला. बाहेर तीस माणसं उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये बसली होती आणि मी मुलीच्या केसांतली टाळू बघत बसलो होतो.

निघालो तेव्हा तो केबिनमध्ये मुलीला वारा घालत होता. त्याने टायरबद्दल काही विचारलं नाही.

सारंगखेड्याला पुलावर उसाची ट्रॉली उलटली होती. जाम. पुढे शंभर गाड्या, मागे शंभर, वळवायला जागा नाही. खाली तापीचं पाणी चकाकत होतं. तो उतरून पुढे चालत गेला, ट्रॉली बघून परत आला. मग पुन्हा गेला. लोकांनी ऊस हातांनी बाजूला केला, त्यात तोही होता, मी लांबून पाहिला. परत आला तेव्हा हातांना चिरा पडल्या होत्या आणि तो माझ्याकडे न बघता सूर्याकडे बघत होता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी चुकतंय.

"खरंच दिन बुडाना पहिले जोयजे का?" मी विचारलं.

"हा," तो म्हणाला. मग नीट सांगितलं. ओढा, आंघोळ, पुजारा, सूर्य. अगदी शांत आवाजात, लहान पोराला सांगावं तसं. सगळं ऐकायला मला आता वेळच वेळ होता.

पाच वाजता पूल मोकळा झाला. त्यानंतर मी जशी गाडी मारली तशी पुन्हा कधी मारली नाही, मारणारही नाही. शहादा कसा गेला कळलं नाही. घाटात प्रत्येक वळणाला सूर्य एकदा समोर यायचा, एकदा डोंगरामागे जायचा. समोर आला की तो पुढे सरकून बसायचा. मुलगी बोनटवरून त्याला त्यांच्या बोलीत काहीतरी सारखं विचारत होती आणि तो दर वेळी एकच शब्द उत्तर देत होता. मी अर्थ विचारला नाही. एका वळणानंतर सूर्य आला नाही. आम्ही पुढच्या वळणाची वाट पाहिली. त्यानंतरही आला नाही. मग तो मागे टेकून बसला.

पाड्यावर पोचलो तेव्हा उजेड होता, पण सूर्याचा नव्हता. एका बाजूला नेम घेतलेले पाच-सहाजण ओळीने बसले होते. तो गोणी घेऊन पुजाऱ्यापर्यंत गेला. पुजारा म्हातारा होता. त्याने डोंगराकडे हात केला आणि मान हलवली. रागावला नाही. मुलीचा बाप तसाच गोणी घेऊन परत आला, मुलीला बोनटवरून उचललं, बायकोच्या खांद्यावर दिलं. मग झोपडीत जाऊन तांब्या घेऊन आला.

"पानी पी, भाऊ. लई गाडी मारी तू."

मी पाणी प्यालो. गाडी वळवून खाली उतरलो. होळी मी पाहिली नाही.

पुढचे महिने मी मिरची वाहिली, पपई वाहिली, कापूस वाहिला. होळीनंतरची परतीची फेरी दुसऱ्या ड्रायव्हरने केली. मला बरंच वाटलं. पण केबिनमध्ये एकटा असलो आणि बोनट तापलं की मला बाजूला हालचाल वाटायची. कुणीतरी गुडघे नीट करून घ्यावेत तशी. बघितलं तर उपरण्याची घडी. मी ते उपरणं घरी नेऊन धुवायला टाकलं, दुसरं आणलं नाही. मग नुसता पत्रा. तरीही वाटायचं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मी स्वतःला मोठ्याने सांगायचो, इंजिनाची थरथर आहे. आणि मग गाडी चालवता चालवता डावा हात पत्र्यावर ठेवून बघायचो, फार तापला तर नाही ना.

दिवाळीनंतर पाड्यावरून माणसं उतरवायची फेरी माझ्याकडे आली. मी नाही म्हणू शकलो असतो. गेलो. माणसं चढत होती. तो आला, बायको आली, डोक्यावर बोचकं. मी न विचारता केबिनचा डावा दरवाजा उघडून धरला.

त्याने उघड्या दरवाजाकडे पाहिलं. "आम्ही मांगे बसतस," तो म्हणाला.

"पोर?"

"पावसाळामा गई. ताप ऊना. दवाखानामा लई जाता जाता गई."

तो मागे जायला निघाला आणि परत वळला. "होळीले पुन्हा तूच येजो, भाऊ. नवस ऱ्हाई गया ना मन्हा. तो फेडना पडी."

मला वाटलं मी विचारावं, आता कशाला? मुलगीच नाही तर नवस कुणाचा? पण मी आधी एकदा त्याला त्याच्या होळीबद्दल शिकवलं होतं. या वेळी गप्प राहिलो.

नंतर नंदुरबारला एका डॉक्टरला मी मुद्दाम भेटलो. सिकलसेलच्या मुलाला पावसाळ्यात ताप आला तर जीव जाऊ शकतो का, विचारलं. ते म्हणाले, जाऊ शकतो, वेळेवर उपचार नसले तर जातोच कधी कधी, तुमचं मूल आहे का? मी म्हणालो नाही. मग म्हणालो, याचा नवसाशी वगैरे काही संबंध नसतो ना? त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही शिकलेले दिसता," ते म्हणाले. "मग कशाला विचारता?"

मला माहीत होतं. सगळं माहीत होतं. तो आजार रक्तातला आहे, आईबापांकडून येतो, सूर्याचा आणि पुजाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मी परीक्षेत लिहीन आणि मार्क मिळवीन. पण घरच्या रस्त्याचा फाटा आला की माझे हात प्रकाशाच्या रस्त्याकडे वळायचे. माझी मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती तो दीड तास मी कुणाकडून तरी घेतला होता, असं मला वाटायचं. आणि ती सुटीत माझ्या अंगावर झोपायला आली की मी तिला उचलून बायकोकडे द्यायचो. बायको म्हणायची, पहिले पोर येत नव्हती, आते बाप लेत नही.

यंदाची होळी आली. मी मालकाला सांगितलं, फेरी मी करणार. पडावावर आदल्या दिवशीच जाऊन झोपलो. पहाटे सगळ्यांना उठवलं, साडेपाचला गाडी हलली. म्हाताऱ्या शिव्या देत होत्या, चहा पण पिऊ देत नाही म्हणून. तो पुढे बसला, एकटा, गोणी मांडीवर. मी विसरवाडीला थांबलो नाही, नंदुरबारला थांबलो नाही, प्रकाशाचा पूल ओलांडला, शहाद्यातून निघालो. माणसांना लघवीला एकदा थांबवलं, तेवढंच. आम्ही दोघं पूर्ण वाटेत दहा वाक्यं बोललो नसू. बोनटवर दोघांपैकी कुणीही हात ठेवला नाही.

बाराला पाड्यावर पोचलो. सूर्य डोक्यावर होता, मोहाच्या झाडाखाली सावली झाडाएवढीच. तो उतरला, वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला.

"देख भाऊ," तो म्हणाला, "आज कितला टाईम शे."

टोमणा नव्हता. तो खरोखर तेवढंच म्हणाला आणि ओढ्याकडे गेला.

मी मालकाला फोन करून सांगितलं की गाडी उद्या आणतो. मोहाखाली बसून मी वाक्य जुळवत होतो. वर्षभर जुळवत होतो. तो आंघोळ करून आला, पुजाऱ्यासमोर बसला. म्हाताऱ्याने काहीतरी पुटपुटून त्याच्या अंगावर तांदूळ टाकले. उठून तो माझ्या बाजूने आला तेव्हा मी पुढे झालो आणि हात पुढे केला. त्याच्या खांद्यावर ठेवणार होतो.

एक म्हातारी ओरडली. तिच्या बोलीत, पण अर्थ कळला. शिवू नको. नेम धरलेल्याला बाहेरच्याने शिवायचं नसतं. मी हात मागे घेतला. आम्ही तीन-चार हातांवर समोरासमोर उभे राहिलो. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं.

"मांगला साले मी खोटं सांगं तुले," मी म्हणालो. "टायर बरोबर व्हतं. मी घर गयथू."

"माले माहीत शे."

"कसं?"

"मी ऊनथू ना तुले बलावाले. लोके इचारी ऱ्हायनथात. दारपर्यंत ऊनथू." त्याने हाताने दार दाखवावं तसं केलं. "तुन्ही पोर तुन्हा मांडीवर झोपेल व्हती."

आमच्या दाराला पडदा नाही. मी दाराशीच बसलो होतो, मान खाली घालून. तो तिथे उभा राहून गेला होता आणि मी त्याला पाहिलं नव्हतं.

"मंग हाक का बरं नही मारी?"

"तीन दिन मन्ही पोर झोपेल नव्हती, दुखनावरी," तो म्हणाला. "झोपेल पोर देखी. माले काय हाक माराले जमनं नही."

पुजाऱ्याने त्याला बोलावलं. तो गेला आणि ओळीत, शेवटच्या माणसापासून थोडं अंतर सोडून बसला. कुणीतरी वाटीत पांढरं कालवून आणलं आणि तो स्वतःच्या हाताने स्वतःच्या दंडावर ठिपके काढायला लागला, एकेक, घाई न करता. दुपार होती. सूर्य मावळायला अजून पाच तास होते. तो माझ्या दाराशी उभा राहिला होता, तसा मी तिथेच मोहाखाली उभा होतो, आणि तो सगळा वेळ मला उभ्यानेच काढायचा होता.